जुलैतलं ‘आपण’

१ जुलैच्या पहाटे साडेतीनला आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ३० जूनच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि एनबीएमध्ये फ्री एजन्सीचं दार उघडतं. ज्यांचे करार संपलेत ते खेळाडू आता दुसऱ्या टीमशी बोलणी करू शकतात. आम्ही सहा जण पुण्यात बसून बोस्टन सेल्टिक्सचे फॅन झालेलो. बोस्टन आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. तरी त्या रात्री बोस्टनचा कारभार आम्हीच चालवतो.

आमच्यातला एक जण सीए आहे. त्याच्याकडे एक एक्सेल शीट आहे. कुणाचा पगार किती, करार किती वर्षांचा, टॅक्सची रेषा कुठे, सगळं त्यात. मग मेसेज सुरू होतात. ‘आपण याला आत्ताच विकला पाहिजे, पुढच्या वर्षी किंमत येणार नाही.’ ‘याचा करार म्हणजे गळ्यातलं लोढणं आहे, कुठेतरी ढकला.’ ‘तो खरंच बोस्टनवर प्रेम करत असेल तर पगार कमी घेईल.’

ही भाषा आपल्याला नवीन नाही. आयपीएलच्या लिलावाने ती घराघरात पोचवली आहे. अमुक जण किती कोटीला ‘गेला’, कुणाला ‘रिटेन’ केलं, कोण ‘अनसोल्ड’ राहिला, हे आपण माणसांबद्दल बोलतो आहोत याची आता आठवणही होत नाही.

मला मात्र अलीकडे या मेसेजेसमधला एकच शब्द टोचतो. तो ‘अ‍ॅसेट’ नाही, ‘विका’ही नाही. तो शब्द आहे ‘आपण’.

मराठीत अनेकवचनी प्रथमपुरुषासाठी दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला चाललोय’ यातला फरक उपाशी पाहुण्याला बरोबर कळतो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे अमेरिकन फॅनची यातून सुटका होते. आपली होत नाही. एप्रिलमध्ये आम्ही लिहितो, ‘आपण जिंकलो.’ त्या ‘आपण’मध्ये खेळाडू असतो, किंबहुना मुख्यतः तोच असतो. जुलैत लिहितो, ‘आपण त्याला विकूया.’ या ‘आपण’मध्ये तो नाही. मग उरलं कोण? मालक, मॅनेजर, एक सीए आणि आम्ही पाच जण.

हा बदल नेमका कधी होतो आणि तो करण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

*

माझ्यापुरता हा प्रश्न २०१७ मध्ये सुरू झाला. तेव्हा बोस्टनचा सर्वात मोठा खेळाडू होता आयझेया थॉमस. उंची पाच फूट नऊ इंच. एनबीएच्या मानाने हे म्हणजे चुकून मैदानात शिरलेल्या प्रेक्षकासारखं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो ६० वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. २०१५ च्या फेब्रुवारीत तो बोस्टनला आला आणि दोन वर्षांत त्याने टीम उभी केली. आमच्यातले चार जण त्याच्यामुळेच सेल्टिक्सचे झाले. आम्हा सरासरी उंचीच्या मुलांना हा माणूस सोडून दुसरा कोण आवडणार?

१५ एप्रिल २०१७ ला त्याची धाकटी बहीण कार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी प्लेऑफ्सचा पहिला सामना होता. तो खेळला. ३३ गुण केले. पुढे तो देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बहिणीचे अंत्यसंस्कार आटोपून आला आणि लगेच पुढच्या फेरीत उतरला. २ मे रोजी, जो तिचा वाढदिवस होता, त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. आपल्याकडे ३ मेची सकाळ होती. हॉस्टेलच्या खोलीत एका फोनवर आम्ही सहा जण वाकून पाहत होतो. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला कुणी चिडवलं नाही. त्या सकाळी आम्ही दहा वेळा तरी ‘आपण’ म्हणालो असू.

त्याचा खुबा दुखावलेला होता. तो तसाच खेळत राहिला. शेवटी क्लीव्हलँडविरुद्धच्या मालिकेत त्याला थांबावं लागलं.

ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. बदल्यात आला कायरी अर्विंग. थॉमससोबत दोन खेळाडू आणि २०१८ चा एक पहिल्या फेरीचा पिकही गेला. मग क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी थॉमसला तपासलं. खुबा वाटला होता त्यापेक्षा जास्त बिघडलेला निघाला. व्यवहार अडला. आठवडाभराने बोस्टनने दुसऱ्या फेरीचा आणखी एक पिक वर दिला आणि व्यवहार पुरा झाला. म्हणजे बोस्टनसाठी खेळताना दुखावलेल्या खुब्याची किंमत ठरली, आणि ती बोस्टनने क्लीव्हलँडला दिली. ज्याचा खुबा होता, त्याचा या हिशोबाशी संबंध नव्हता.

त्या दिवशी ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘वाईट वाटतंय, पण बिझनेस आहे. मस्त ट्रेड.’ हा मेसेज अजूनही शोधला की सापडतो.

थॉमसचा करार पुढच्या वर्षी संपणार होता. त्या मोसमात त्याचा पगार सुमारे ६२ लाख डॉलर होता, त्याच्या दर्जाच्या खेळाडूला मिळायचा त्याच्या तुलनेत फारच कमी. आयुष्यातला मोठा करार आता होणार, अशी त्याला आशा होती. २०१८ च्या उन्हाळ्यात तो फ्री एजंट झाला तेव्हा डेन्व्हरने त्याला लीगमधल्या किमान पगारावर घेतलं. त्या मोसमात तो १२ सामने खेळला.

*

आता दुसरी बाजू. अर्विंग बोस्टनला आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीझन तिकीटधारकांसमोर त्याने जाहीरपणे सांगितलं की, तुम्हाला मी हवा असेन तर इथेच पुन्हा करार करायचा माझा विचार आहे. टाळ्या झाल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात तो फ्री एजंट झाला आणि ब्रुकलिनला गेला.

आमच्या ग्रुपवर त्या रात्री जे लिहिलं गेलं ते इथे छापता येणार नाही. सौम्यातला सौम्य शब्द ‘गद्दार’ होता. मे २०२१ मध्ये अर्विंग प्लेऑफ्ससाठी बोस्टनला आला तेव्हा सामन्यानंतर एका प्रेक्षकाने त्याच्या दिशेने पाण्याची बाटली फेकली. त्या प्रेक्षकाला अटक झाली.

अर्विंगने शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. त्याबद्दल राग येणं मला समजतं. पण मग रे अ‍ॅलनचं काय? २००८ ला बोस्टनला विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्रिकुटातला तो एक. २०१२ मध्ये तो फ्री एजंट झाला, बोस्टन जास्त पैसे देत असताना ते सोडून कमी पैशात मायामीला गेला. त्याने कुणालाही शब्द दिला नव्हता, पैशाचा लोभही केला नव्हता. तरी बोस्टनमध्ये त्याच्या नावाने वर्षानुवर्षं खडे फोडले गेले. उरलेल्या दोघांना, पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेटला, पुढच्याच वर्षी बोस्टनने ब्रुकलिनला ट्रेड केलं. पिअर्स १५ मोसम बोस्टनसाठी खेळला होता. त्या व्यवहाराला आम्ही आजही ‘शतकातला ट्रेड’ म्हणतो.

खेळाडू गेला तर गद्दारी. टीमने घालवला तर बिझनेस. या दोन शब्दांत काय फरक आहे, असं मी ग्रुपवर विचारलं, तेव्हा तीन उत्तरं आली. तिन्ही फालतू नाहीत.

*

पहिलं उत्तर: टीम खेळाडूपेक्षा मोठी असते. पिअर्स-गार्नेटच्या बदल्यात ब्रुकलिनचे जे पिक मिळाले त्यातून २०१६ मध्ये जेलन ब्राउन आला आणि २०१७ मध्ये, एक अदलाबदल करून, जेसन टेटम. या दोघांनी २०२४ मध्ये बोस्टनला १८ वं विजेतेपद मिळवून दिलं. पिअर्सला ‘निष्ठेपोटी’ ठेवून घेतलं असतं तर हे झालं असतं का?

नसतं. मी हे मान्य करतो. निकालाकडे पाहिलं तर तो ट्रेड योग्यच होता. पण एखादा निर्णय फायद्याचा ठरला म्हणून त्यात ज्याचं नुकसान झालं त्याचं देणं संपत नाही. लग्नाचा हॉल वेळेत मिळावा म्हणून काकांना त्यांची खोली रिकामी करायला लावली. लग्न छान झालं. तरी काकांना फोन करावा लागतोच. पिअर्सच्या बाबतीत बोस्टनने ते केलं. २०१८ मध्ये त्याची ३४ नंबरची जर्सी समारंभाने छताला टांगली. मुद्दा असा की, निकालाचा नियम लावायचा तर दोन्हीकडे लावा. अ‍ॅलनने २०१३ मध्ये मायामीबरोबर विजेतेपद जिंकलं. त्याच्या बाजूने त्याचाही निर्णय ‘योग्य’च ठरला.

दुसरं उत्तर: त्यांना कोट्यवधी डॉलर मिळतात, त्यांची कसली कीव करायची? हे उत्तर आमच्या पिढीला फार पटतं, कारण ईएमआय भरणारा माणूस करोडपतीसाठी रडायला तयार नसतो. पण नीट पाहा. पैसा भरपूर मिळतो म्हणून माणसाला वस्तू समजण्याची मुभा मिळत असेल, तर किती पगारापासून ती मिळते? थॉमसच्या पगारापासून? सीएच्या? शिवाय खेळाडूचे पैसे आपल्याला दिसतात, मालकाचे दिसत नाहीत. सेल्टिक्सच्या मालकांनी २००२ मध्ये टीम ३६ कोटी डॉलरला घेतली आणि २०२५ मध्ये ६१० कोटी डॉलर मूल्याने विकायचं ठरवलं. त्याच उन्हाळ्यात लीगच्या खर्चमर्यादेच्या वरच्या रेषेखाली यायचं म्हणून ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या २०२४ च्या विजेत्या टीममधल्या दोघांना निरोप दिला गेला. आम्ही सहा जण कित्येक रात्री एक्सेलमध्ये आकडे मांडत होतो, कुणाला काढलं की किती टॅक्स वाचतो. वाचणार होता तो टॅक्स आमचा नव्हता.

तिसरं उत्तर सर्वात अवघड आहे, आणि ते दिलं आमच्यातल्या सर्वात कमी बोलणाऱ्याने. तो म्हणाला, ‘मी त्याचा मालक नाही रे. मी त्याचा फॅन आहे. मालकाने त्याला पगार दिला. मी त्याला आणखी काहीतरी दिलं. ते कुठल्या करारात लिहिलंय?’

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

*

थोडं मागे जाऊ. रॉबर्ट नोझिक नावाच्या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ हे पुस्तक लिहिलं. त्यात न्याय्य संपत्ती म्हणजे काय हे सांगताना त्याने उदाहरण घेतलं बास्केटबॉलचं: विल्ट चेंबरलेन. कल्पना अशी की, चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक जण तिकिटातले २५ सेंट वेगळ्या पेटीत टाकतो आणि त्या पेटीवर चेंबरलेनचं नाव आहे. दहा लाख लोक आले, चेंबरलेनला अडीच लाख डॉलर मिळाले. लोकांनी स्वखुशीने दिले. मग तो श्रीमंत झाला यात अन्याय कुठे आहे, असा नोझिकचा सवाल.

या उदाहरणावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. मला त्यातली एक छोटी अट रोचक वाटते. नोझिक जाता जाता म्हणतो की समजा करार एकेका वर्षाचे आहेत आणि खेळाडू फ्री एजंट आहेत. ‘समजा’ म्हणायची गरज होती, कारण १९७४ मध्ये ते तसे नव्हते. करार संपला तरी खेळाडूवर टीमचा हक्क राहायचा. त्याविरुद्ध खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने १९७० मध्ये खटला दाखल झाला होता, तो १९७६ मध्ये तडजोडीने मिटला. आणि आज आपण जिला फ्री एजन्सी म्हणतो ती बंधनमुक्त फ्री एजन्सी यायला १९८८ उजाडलं. तत्त्वज्ञाने एका वाक्यात गृहीत धरलेलं स्वातंत्र्य मिळवायला खेळाडूंना दीड-दोन दशकं लागली.

आजही ते अर्धंच आहे. नवा खेळाडू आपली पहिली टीम निवडत नाही, ड्राफ्टमध्ये टीम त्याला निवडते. पहिला करार संपल्यावर दुसऱ्या कुणी बोली लावली तर जुन्या टीमला तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क असतो. करार चालू असताना त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं. त्याला नकाराधिकार असणं अगदी दुर्मीळ. मुलांची शाळा, आजारी आई, नुकतं घेतलेलं घर, काहीही असो. सगळ्या कारकिर्दीत ‘मी कुठे राहणार’ हे खेळाडू स्वतः ठरवतो असे दिवस मोजकेच येतात. नेमक्या त्याच दिवसांना आपण गद्दारीचे दिवस म्हणतो.

आणि ती पेटी? चेंबरलेनच्या नावाची पेटी खरोखर कुठल्याच स्टेडियममध्ये नसते. तिथे असते सॅलरी कॅप. १९८४-८५ च्या मोसमापासून प्रत्येक टीमच्या एकूण पगारांवर मर्यादा आहे. तिला अपवाद आहेत. त्यातला सर्वात प्रसिद्ध अपवाद आपल्याच, म्हणजे बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जातो. कॅपचा हेतू चांगला आहे: श्रीमंत शहराने सगळेच खेळाडू विकत घेऊ नयेत. पण तिने फॅनच्या मनात एक गंमत केली. एका खेळाडूने जास्त घेतलं तर दुसऱ्यासाठी कमी उरतं. त्यामुळे आवडत्या खेळाडूचा पगार हा आपल्या आनंदातून वजा होणारा आकडा बनला. ‘प्रेम असेल तर कमी घे’ हे वाक्य इथून आलं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनने वर्षभर थांबला असता तर मिळू शकले असते त्यापेक्षा सुमारे ११ कोटी डॉलर कमी हमी असलेला करार केला. न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं. त्याने स्वतः होऊन दिलं, ती त्याची दानत. पण एकाने दिलेली भेट दुसऱ्याकडून वसूल करायची म्हटली की तिला भेट म्हणता येत नाही. निष्ठा या नावाखाली आपण बहुतेक वेळा डिस्काउंट मागत असतो.

*

आता थोडं घरचं. आम्ही सहा जणांनी मिळून गेल्या सात वर्षांत चौदा नोकऱ्या बदलल्या आहेत. ‘स्विच केल्याशिवाय हाईक मिळत नाही’ हे आमचं एकमत. नोटीस पिरियडमध्ये दुसरी ऑफर दाखवून तिसरीकडून जास्त घेण्याची कला आमच्या सीएला अवगत आहे. अर्विंगला गद्दार म्हणणारा पहिला मेसेज त्याचाच होता. हा विनोद ग्रुपवर करून झालाय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी माझा प्रोजेक्ट संपला आणि मी बेंचवर गेलो. आयटीत काम करणाऱ्यांना बेंच म्हणजे काय हे सांगायला नको. हा शब्दही आम्ही खेळातूनच उचललाय. चार वर्षं त्या टीमसाठी मी रात्रीचे कॉल घेतले होते, एक गणपती आणि दोन दिवाळ्या लॅपटॉपसमोर काढल्या होत्या. मॅनेजर मला ‘आपला माणूस’ म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात एचआरचा कॉल आला. राजीनामा दिलात तर बरं, असं सौजन्याने सुचवलं गेलं. कॉलवर मॅनेजरही होता. तो म्हणाला, ‘वाईट वाटतंय, पण पर्सनल घेऊ नकोस. बिझनेस आहे.’

कॉल संपल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. मग ग्रुप उघडून २०१७ चा माझा मेसेज शोधला. शब्द जवळजवळ तेच होते.

मी थॉमस नाही आणि माझा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर वरून दबाव होता, कुणालातरी काढायचंच होतं. राग मला नोकरी गेल्याचा नव्हता. ती तीन महिन्यांत दुसरी मिळाली. राग होता तो चार वर्षं ‘आपण’ म्हणून घेतलेल्या कामाचा. पहिल्या दिवशीच ‘आम्ही आणि तू’ असं सांगितलं असतं तर मी दिवाळीला घरी गेलो असतो.

*

इथे मला त्या तिसऱ्या उत्तराचं उत्तर थोडंफार सापडलं. मित्र म्हणाला होता ते खरं आहे: फॅन जे देतो ते कुठल्याच करारात नसतं. पहाटे उठणं, हॉस्टेलमधलं रडणं, एका अनोळखी शहराला ‘आपलं’ म्हणणं. पण करारात नसलेली गोष्ट करारासारखी वसूल करता येत नाही. थॉमसने ५३ गुण केले तेव्हा तोही करारात नसलेलं काहीतरी देत होता. त्या सकाळी दोन्ही बाजूंनी जे दिलं गेलं ते तिथेच फिटलं. खेळाडू त्यानंतर कुठेही गेला तरी ती सकाळ तो परत नेत नाही.

मग फॅनने जुलैत काय करावं? वाद घालणं सोडावं, असं मी म्हणणार नाही. ट्रेड, कॅप, पिक हा सगळा खेळाचाच भाग आहे आणि त्यात बुद्धीला खरी मजा आहे. टीमने भावनेपोटी कुणालाच सोडू नये, असंही माझं म्हणणं नाही. मी स्वतःसाठी फक्त दोन नियम केले आहेत. पहिला: टीमने घालवलं तर जो शब्द वापरेन, तोच खेळाडू स्वतः गेल्यावर वापरेन. दोन्हीकडे ‘बिझनेस’ म्हणेन, किंवा दोन्हीकडे ‘दुखलं’ म्हणेन. दुसरा: ज्याला विकायची चर्चा चाललीय त्याला वगळून केलेल्या ‘आपण’ला ‘आपण’ म्हणणार नाही.

दुसरा नियम दिसतो तितका सोपा नाही. गेल्या १ जुलैला पहाटे मी ग्रुपवर लिहायला घेतलं, ‘आपण याला सोडला पाहिजे.’ मग ‘आपण’ खोडून ‘टीमने’ लिहिलं. वाक्य लगेच थंड झालं. माझा त्यातला वाटा गेला, जनरल मॅनेजर झाल्याची ती छोटी नशा गेली. उरलं एवढंच की कुठल्यातरी कंपनीने कुठल्यातरी माणसाला कामावरून कमी करावं, असं पुण्यातला एक जण पहाटे साडेतीनला सुचवतोय.

मी तो मेसेज पाठवला नाही. सीएचा आला. ‘काय रे, झोपलास का? आपण कुणाला काढायचं?’